वाव

बारीक सळई हिरडीच्या कडेनं आत सोडत
डॉक्टरीण आकडे सांगत होती:
चार, तीन, सात, आठ, सात.
शेजारची पोरगी कागदावर उतरून घेत होती.
डोळे मिटले की वेंगुर्ल्यातला दवाखाना जायचा,
नाळेवर उभा बाबा दोरीला शिसं बांधून सोडतोय,
सहा वाव, सात वाव, चिखल,
आणि मागे मी, नऊ वर्षांचा, आकडे ध्यानात ठेवायला.
विसरलो तर कानफटीत.

आठ काय, मी विचारलं.
मिलिमीटर.
हसू आलं, आणि हसताना
डावीकडचा खालचा दात हलला.

याच दातानं मी पस्तीस वर्षं नायलॉनचा धागा तोडला.
सुरी असते हो खिशात,
पण दोन्ही हात जाळ्यात गुंतलेले,
तिसरा हात तोंडात.
वर मशेरी. तेही पोरीनं लिहून घेतलं.

फोटोत तिनं दाखवलं, दाताच्या मुळाशी काळं.
बांध उभा दिसतो,
खालची माती भरतीनं कधीच नेलेली असते, तसं.
काढून टाक, मी म्हटलं.
"अजून वाव आहे," ती म्हणाली.
तिला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असणार.

मग तीन कुप्या.
एकीत गुरांचं हाड, भाजून निर्जीव केलेलं.
एकीत कारखान्यात घडवलेलं.
एकीत माणसाचं, मेल्यावर कुणी दिलेलं.
"कोणाचा ता?"
"नाव नसतं काका. नंबर असतो."

चिमूटभर पांढरी पूड.
न सांगता दिली असती तर पानाला लावली असती.

आमच्याकडून हाडं समुद्रात जातात, परत येत नाहीत.
धाकटा लवू गेला तेव्हा द्यायला तीही नव्हती.
दर्भाचा पुतळा जाळला, राख मडक्यात भरली.
आई ते मडकं कानाशी धरून हलवत होती,
आत काही वाजतं का.

"ह्याच घाल," मी म्हटलं. नंबरवालं.

गाल बधिर. हिरडी उलगडल्याचं नुसतं कळलं.
पूड माझ्याच रक्तात कालवली,
ओल्या वाळूसारखी झाली, खड्ड्यात दाबून भरली.
वर पातळ पडदा.
मांस उतावीळ असतं, ती पोरीला शिकवत होती,
धावत येतं, जागा बळकावतं.
हाड सावकाश येतं. ते येईपर्यंत वाट अडवून धरायची.
म्हणजे खाजणाची उघाडी, मला सांगायचं होतं,
खारं पाणी बाहेर, आत भात.
तोंडात कापूस. राहिलं.

टाके घरी येऊन आरशात पाहिले.
गाठ बरी होती. मी एक फेरा जास्त दिला असता.

"पूड तशीच रवतली?"
"नाही. ती विरत जाते, तिच्या जागी तुमचं येतं.
पुढं पुढं फोटोत ओळखू येत नाही,
कुठलं तुमचं, कुठलं त्याचं."

आठ महिने धागा सुरीनं कापला.
मशेरी सुटली, दोनदा परत लागली, सुटली.
बायको म्हणाली, तोंडाचा वास गेलो तुझो,
आणि लगेच चुलीकडे वळली.

परवा पुन्हा सळई.
चार, तीन, चार, सहा, चार.
सहाच्या जागी फारसं काही झालेलं नाही, ती म्हणाली.
खरं बोलते बाई.
बाकी काळ्यात आता राखाडी होतं,
सुकतीला पाण्याखालचा दांडा दिसू लागतो तेवढं.

संध्याकाळी निवतीच्या पुळणीवर जाळं मांडीवर घेतलं.
सवयीनं धागा तोंडाशी गेला.
दाताआधी जीभ तिथं पोचली, चाचपत राहिली.
त्याला पोहता येत होतं का,
असं काहीतरी मनात आलं.
सुरी काढली.